आईसाठी बाई ठेवताना

बाई आधीपासून शोधून ठेवण्याचा आगाऊपणा करू नये. आई बाथरूममध्ये पडेल, खुब्याचं हाड मोडेल, ऑपरेशन होईल, डिस्चार्जचा दिवस उजाडेल. मग बिलाच्या रांगेत उभ्या-उभ्या वॉर्डबॉयने दिलेल्या नंबरवर फोन लावावा. ब्युरोवाला 'उद्या सकाळी पाठवतो' म्हणाला, की तुमची निवड झाली.

फोनवर फक्त रेट विचारा. बारा तासांच्या दोन बायांपेक्षा चोवीस तासांची एक स्वस्त पडते. ती झोपणार कधी, असल्या शंका काढून हिशेब बिघडवू नका. त्यातून ब्युरो किती कापतो आणि तिच्या हातात किती पडतात, हेही नको. उगाच जेवण जात नाही.

पांढरा ॲप्रन दिसला की 'सिस्टर' म्हणायला लागा. नर्सिंगचा कोर्स कुठला, एएनएम की जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे नसते चोंबडेपण. ती आया आहे, हे लघवीची नळी तुंबली की आपोआप कळेल.

कागदपत्रं? वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हीच ठणकावून सांगितलं होतंत. पण वॉचमन गेट सांभाळतो, आत गाड्या असतात. आईच्या खोलीला आधारकार्डाची झेरॉक्स पुरे. पोलीस पडताळणी अंगठी हरवली की करू.

आईला मात्र काही विचारू नका. बाई आवडली का, हात जड आहे का, हे तिने सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं, असं घरात कधी झालंय? तिला नाव पाठ झालं की ब्युरो बदली पाठवतोच.

कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. दिवसा बाई रिकामीच. तेवढ्यात पोळ्या लाटेल, भाजी निवडेल. कपबशी तेवढी वेगळी ठेवा.

शेवटी कॅमेरा. न्यू जर्सीच्या भावाला लिंक द्या, त्यालाही आईचं काही केल्यासारखं वाटतं. इथे पहाटेचे तीन म्हणजे उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेपाच. ऑफिस सुटलं की तो बघतो. फोन येईल : "अरे, बाई झोपलीये!"

तुमची झोप मोडलीच आहे. तरी आईची कूस तुम्ही बदलायला जाऊ नका. बाईला उठवा. पैसे कशाचे देतो?