निळं पत्र आणि निळ्या खुणा

"वेळ नाही म्हणून बोलणं आटलं", असं घरातल्या माणसांबद्दल एका लेखात वाचलं. ते म्हणणं मला काही पटलं नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, 1982 च्या संपापर्यंत मुंबईला गिरणीत होते, आम्ही इकडं सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. पाळ्या बदलत्या, एका खोलीत दहा-बारा माणसं. त्यांना कुठला आलाय वेळ! तरी महिन्याला निळं आंतरदेशीय पत्र यायचंच. कडेच्या घडीवरसुद्धा आडवं-उभं लिहिलेलं, कारण जागा संपायची, मजकूर नाही. म्हैस व्याली का, इथपर्यंत चौकशी. उत्तर आई माझ्याकडून लिहून घ्यायची आणि निम्म्यात डोळ्याला पदर लावायची. ते मात्र लिहायचं नाही, अशी ताकीद.

आता पोरगा हिंजवडीला. साताऱ्यापासून तीन तास धरा, खंबाटकी घाटात अडकला तर जास्त. रात्री साडेदहाला साहेबाचा मेसेज आला तर जेवता जेवता उत्तर देतो. माझ्या मेसेजला दोन निळ्या खुणा, आणि दुसऱ्या दिवशी एक अंगठा. परवा विचारलं, "गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता करू का दिवाळीनंतर?" त्यालाही अंगठाच. आता यातलं नेमकं काय समजायचं?