साखरेचं पाणी? हो, म्हणूनच तर!

‘स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे बाटलीत भरलेलं साखरेचं पाणी, खऱ्या धावपटूला त्याची गरज नाही,’ अशा मथळ्याचा मेसेज मॅरेथॉनचा मोसम आला की धावणाऱ्यांच्या ग्रुपवर उगवतोच. खाली मुद्द्यांची रांग असते. शरीरात चरबीचा साठा भरपूर आहे. साखरेनं इन्सुलिन उसळतं आणि माणूस गळतो. त्यापेक्षा नारळपाणी किंवा ओआरएस घ्या. पेटके मिठाअभावी येतात. तहान लागायच्या आत भरपूर साधं पाणी प्या. सगळं संशोधन कंपन्यांच्या पैशांवर झालंय. या पेयांनी पोट बिघडतं. शेवटी जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

यातलं निम्मं खरं आहे, पण ते कुणासाठी खरं हे मेसेज सांगत नाही. रोज सकाळी बागेत चार-पाच किलोमीटर पळणाऱ्यासाठी तो जवळपास बरोबर आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्ध्या-पाऊण तासाच्या व्यायामाला तिची काडीची गरज नाही, दातांना तर नाहीच नाही. जिममधून बाहेर पडताना हातात निळी बाटली घेऊन फिरणाऱ्यांना हा मेसेज जरूर पाठवा. पण मथळ्यात शब्द आहे ‘खरा धावपटू’. जो दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ जोर लावून पळतो, सायकल मारतो, त्याच्या बाबतीत मेसेज सपशेल उलटा आहे.

‘हे नुसतं साखरेचं पाणी आहे’

मान्य. या पेयांत साधारण १०० मिलीला ६ ग्रॅम साखर असते आणि थोडं मीठ. लांबच्या शर्यतीत मुख्य काम करते ती ही साखरच. रंग, वास आणि ‘इलेक्ट्रोलाइट’ (म्हणजे क्षार) हा ठळक शब्द ही बरीचशी सजावट.

१९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे अगदी लोळागोळा होऊन पोचले होते, त्यांची रक्तातली साखर फार उतरलेली होती. पुढच्या वर्षी काहींना आधीपासून पिष्टमय आहार वाढवून दिला आणि शर्यतीत गोड गोळ्या चघळायला दिल्या. साखर टिकली, माणसंही टिकली. गॅटोरेड हे प्रसिद्ध स्पोर्ट्स ड्रिंक जन्माला आलं १९६५ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठात. म्हणजे बाटलीच्या चाळीस वर्षं आधी मूळ गोष्ट कळलेली होती.

मग १९८६ चा क्रीडाशास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल यांचा टेक्सासमधला प्रयोग. सात कसलेले सायकलपटू, बऱ्यापैकी कडक वेग, आणि थकून थांबेपर्यंत पेडल मारायचं. बिनसाखरेचं गोड पाणी मिळालं तेव्हा ते तीन तासांच्या आसपास थांबले. साखर मिळाली तेव्हा चार तासांच्या आसपास. मला यातली खरी गंमत पुढेच वाटते. स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेली साखर, दोन्ही वेळा सारख्याच गतीनं संपत होता. साखर प्यायल्यानं तो ‘वाचला’ नाही. वरचा तास निघाला तो रक्तातल्या साखरेवर, आणि ती बाटलीतून येत होती.

याहून गमतीचा प्रयोग २००४ चा, बर्मिंगहॅमचा. तासाभराच्या सायकल चाचणीत खेळाडूंना माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे पिठापासून केलेल्या बिनगोड साखरेचं, बेचव पाणी दिलं, पण गिळायचं नाही. पाच सेकंद तोंडात खळखळवायचं आणि थुंकायचं. वेळ जवळजवळ ३ टक्क्यांनी सुधारली. त्याच संशोधकांनी दुसऱ्या प्रयोगात शिरेतून थेट ग्लुकोज चढवलं, तर तासाभराच्या कामगिरीत काहीच फरक पडला नाही. म्हणजे तासाभराच्या शर्यतीत साखर इंधन म्हणून लागत नाही. तोंडाला तिची चाहूल लागते आणि मेंदू लगाम थोडा सैल करतो. पुढे मेंदूच्या चित्रणातही दिसलं की साखरेनं जे भाग जागे होतात ते सॅकरीन या कृत्रिम गोडीनं होत नाहीत. ‘शुगर-फ्री’ स्पोर्ट्स ड्रिंक घेऊन शर्यतीला उतरणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

‘चरबी भरपूर आहे, साखर कशाला?’

हिशेब करून बघू. ६० किलोच्या धावपटूला ४२ किलोमीटरला साधारण २५०० कॅलरी लागतात. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा साठा ढोबळमानानं २००० कॅलरींचा. चरबी मात्र अगदी सडपातळ माणसाकडेही चाळीस-पन्नास हजार कॅलरींची असते. मग उरलेल्या पाचशेची चिंता कशाला?

चिंता वेगाची. चरबी जाळायला त्याच ऊर्जेसाठी जास्त ऑक्सिजन लागतो, आणि शर्यतीच्या वेगात ऑक्सिजनचीच तर टंचाई असते. ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर हे तपासलं. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीन आठवडे कडक सराव सगळ्यांचा सारखाच, आहार वेगवेगळा. भात-ब्रेड खाणारे दहा किलोमीटरमध्ये पाच-सात टक्क्यांनी सुधारले. केटोवाले, म्हणजे पिष्ट जवळजवळ सोडून चरबीवर भर देणारे, सुधारलेच नाहीत. चरबी ते खरोखरच जास्त जाळू लागले होते, फक्त त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागत होता.

मुंबई मॅरेथॉन पळालेल्यांना हे कागदावर समजावून सांगावं लागत नाही. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. तोवर मित्राशी गप्पा मारत आलेला गडी तिथे अचानक चालायला लागतो. त्याच्या घड्याळावर वेग दिसत असतो, पण उरलेल्या किलोमीटरांचा साधा गुणाकार डोक्यात होत नाही. कुणी ‘कम ऑन’ म्हटलं तर खेकसतो. पाय तर गेलेलेच असतात, वर डोक्याचाही खुराक आटलेला असतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या काकू चिक्कीचा तुकडा पुढे करतात. काकूंनी संशोधन वाचलेलं नसतं, पण निदान अचूक असतं.

‘साखरेनं इन्सुलिन उसळतं’

बसलेल्या माणसाच्या बाबतीत, हो. पळताना अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं इन्सुलिन दाबून ठेवतात आणि आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. शर्यतीच्या पाऊण तास आधी गोड प्यायल्यास काहींची साखर सुरुवातीला थोडी खाली जाते, पण कामगिरीवर त्याचा परिणाम सहसा दिसत नाही. ज्यांना तसं जाणवतं त्यांनी पहिला घोट सुरुवातीच्या रेषेवर घ्यावा. मधुमेह असलेल्या धावपटूंचा हिशेब अर्थातच वेगळा. तो त्यांच्या डॉक्टरांबरोबरच मांडायचा.

‘नारळपाणी घ्या, नाहीतर ओआरएस’

मेसेजमधला हा सगळ्यात लाडका मुद्दा, कारण एकात निसर्ग आहे आणि दुसऱ्यात डॉक्टर.

नारळपाणी उत्तम पेय आहे. पण घामातून मुख्यतः जातं ते सोडियम, आणि शहाळ्यात भरलेलं असतं पोटॅशियम. सोडियम त्या मानानं बरंच कमी. साखर १०० मिलीला ३ ते ५ ग्रॅम. लांबच्या शर्यतीत लागणारी तासाला ६० ग्रॅम साखर नारळपाण्यातून घ्यायची म्हटली तर पाच-सहा शहाळी रिचवावी लागतील, दर तासाला. शर्यत संपल्यावर सावलीत बसून खुशाल प्या.

ओआरएसबद्दल जरा अदबीनं बोलायला हवं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावात मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पण ते औषध जुलाबानं सुकलेल्या माणसासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, कारण तिथे ग्लुकोजचं काम ऊर्जा देण्याचं नाहीच. सोडियमला आणि त्याच्या मागोमाग पाण्याला आतड्याच्या भिंतीतून आत घेऊन जायचं, एवढंच. तेव्हा ६० ग्रॅमसाठी तासाला चार लिटरांहून जास्त ओआरएस प्यावं लागेल. सोडियम मात्र त्यात स्पोर्ट्स ड्रिंकच्या तिप्पट-चौपट असतं.

याची उलटी बाजूही आहे. स्पोर्ट्स ड्रिंकसारखी गोड पेयं ‘ओआरएस’ नाव लावून औषधांच्या दुकानात विकली जात होती आणि आया ती जुलाब झालेल्या लेकरांना पाजत होत्या. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. दोन वेगळ्या कामांची दोन वेगळी पाणी आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

घरगुती म्हणाल तर आपलं लिंबू सरबत या दोन्हींपेक्षा कामाचं. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. झालं स्पोर्ट्स ड्रिंक. घरातली साखर आतड्यात तुटली की निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. हे फायद्याचं आहे. ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबते आणि फ्रुक्टोजला वेगळी वाट आहे. म्हणूनच महागड्या पाकिटांवर दोन्हींचं मिश्रण मिरवतात आणि अतिलांब शर्यतींत तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. फक्त पाहुण्यांसाठी करतो तसं दाट सरबत नको. ते पोटातच रेंगाळतं. साखर वजनकाट्यावर मोजा.

‘पेटके मिठाअभावी येतात’

इथे मेसेज आणि जाहिरात एका सुरात गातात. पेटके आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं तर क्षारांत सहसा म्हणावा तसा फरक सापडत नाही. अमेरिकेत काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी पाजून पाहिलं, तर पेटका साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, पण इतक्या लवकर की तेवढ्यात मीठ रक्तात पोचणंच शक्य नव्हतं. घशातून मज्जासंस्थेला काहीतरी इशारा जात असावा. सवयीपेक्षा जास्त जोरात पळालेला, दमलेला स्नायू हे पेटक्याचं जास्त पटणारं कारण.

‘तहान लागायच्या आत भरपूर साधं पाणी प्या’

बाकीच्या ओळींनी फार तर वेळ बिघडेल. ही ओळ जीवावर बेतू शकते.

गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैद्यक टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये अतिलांब शर्यतींतल्या अशा रुग्णांवर लिहिलं, तरी ‘पीत राहा, पीत राहा’चा गजर पुढे वर्षानुवर्षं चालूच राहिला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेवर तपासलं. त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं होतं आणि तिघांचं धोकादायक पातळीला. सगळ्यात ठळक खूण कोणती, तर शर्यतीत वजन वाढणं. बेचाळीस किलोमीटर पळून वजन वाढतं म्हणजे किती पाणी पोटात गेलं असेल! धोका जास्त होता तो चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना, कारण ते पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबतात आणि दोन-दोन पेले रिचवतात.

आणि स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलेले यातून सुटले नव्हते. त्या पेयातलं सोडियम रक्ताच्या मानानं इतकं थोडं असतं की जास्त प्यायल्यास तेही रक्त पातळच करतं. बाटलीवर ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलंय म्हणून कितीही प्या, हा समज जाहिरातींनी पेरलेला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम जास्त जातो हे खरं, तरी मध्यम वेगाच्या धावपटूला तहान हाच भरवशाचा काटा.

‘सगळं संशोधन विकत घेतलेलं’

या आरोपात दम आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं २०१२ मध्ये क्रीडा-उत्पादनांच्या जाहिरातींची झडती घेतली. १०४ उत्पादनांचे ४३१ दावे तपासले, आणि आधार म्हणून दिलेल्या अभ्यासांपैकी फक्त तीन उच्च दर्जाचे ठरले. खेळाडू मूठभर, तेही बरेचदा रात्रभर उपाशी. उपाशी माणसाला साखर दिली तर तो टिकेल, यात नवल ते काय? सकाळी पोहे खाऊन निघणाऱ्याला फायदा त्याहून कमीच होणार. या क्षेत्रातलं मोठं नाव असलेले आस्कर जुकेंड्रप पुढे गॅटोरेडच्याच संस्थेत गेले, हेही जगजाहीर आहे.

पण मूळ निष्कर्ष तेवढ्यानं कोसळत नाही. बोस्टनच्या गोड गोळ्यांमागे पेयाची कंपनी नव्हती. आणि ‘गुळणी करून थुंकलं तरी तासाभराच्या शर्यतीपुरतं भागतं’ या निष्कर्षानं बाटल्यांचा खप कसा वाढणार? त्या प्रयोगात जुकेंड्रप स्वतः होते. विकली गेली आहे ती मुख्यतः जाहिरात. दोन तासांच्या खेळाडूवर सिद्ध झालेली गोष्ट तिनं अर्ध्या तासाच्या हौशी माणसाच्या गळ्यात मारली. मेसेज लिहिणाऱ्यानं अर्ध्या तासाच्या माणसाचं सत्य उचलून दोन तासांच्या खेळाडूला चिकटवलं.

‘पोट बिघडतं’

बिघडतं, सराव नसेल तर. आतडंही सरावानं तयार होतं. रविवारच्या लांब पळण्यात तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवत ६० पर्यंत जा, एका वेळी दोन-तीन घोटच. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, फुकट मिळालेलं नवं पाकीट सकाळी फोडायचं नाही. त्याची चव आणि पोटावरचा परिणाम पुढच्या रविवारी बघता येईल.