विश्रांतीच्या दिवसाने स्नायू उतरत नाहीत : खुलासा

‘एक दिवस व्यायाम चुकला तरी कमावलेले स्नायू उतरतात आणि कार्डिओने (धावण्यासारख्या दमसासाच्या व्यायामाने) ताकदीच्या व्यायामावर पाणी पडते’, असा संदेश सध्या फिरत आहे. यातील पहिले विधान चुकीचे, तर दुसरे अर्धवट आहे. वजने उचलताना स्नायूंवर फक्त ताण येतो. त्यांची बांधणी पुढच्या साधारण २४ ते ४८ तासांत होते. सोमवारी जड स्क्वॉट्स (वजन घेऊन उठाबशा) केल्यावर मंगळवारी जिना उतरताना मांड्या भरून आल्या असतील, तर त्यांनाच पुन्हा जुंपण्यात शहाणपण नाही.

कार्डिओविषयीच्या भीतीचे मूळ संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगात सापडते. त्यात आठवड्याला पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमसासाचा जोरकस व्यायाम एकत्र करणाऱ्यांची पायांची ताकद काही आठवडे वाढून अखेरीस घटू लागली होती. (इतका भार सामान्य माणूस क्वचितच घेतो.) जागतिक आरोग्य संघटना तर प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम कार्डिओ आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असे दोन्ही सुचवते. ताकद वाढवणे हेच उद्दिष्ट असेल, तर एकाच दिवशी दोन्ही करताना आधी वजने उचलावीत, धावणे नंतर.