‘अंधाधुन’वरचे आरोप आणि पियानोमागचं प्रेत

‘अंधाधुन’चा विषय निघाला की एक ठरलेला आरोप हमखास पुढे येतो. श्रीराम राघवन यांच्या या २०१८ च्या थरारपटात अंध माणूस ढोंगी, परपुरुषाच्या नादी लागलेली बायको खुनी आणि पुण्यातली गरीब मराठी माणसं अवयवचोर दाखवली आहेत. आणि तरी त्याला राष्ट्रीय पुरस्कार! ऐकायला बिनतोड वाटतं. (पुढे सगळं गुपित फोडलंय. इतक्या वर्षांत पाहिला नसेल, तर आधी पाहून या.)

पुरस्काराचा मुद्दा चटकन संपतो. ते मिळाले आयुष्मान खुरानाच्या अभिनयाला, रूपांतरित पटकथेला आणि उत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून. सामाजिक प्रबोधनासाठी मिळाले, असं कुणी म्हटलेलंच नाही.

आता अंधत्वाची चेष्टा. नायक आकाश हा पियानोवादक आंधळ्याचं सोंग घेतो, हे खरंच. पण हसू कुणाचं होतं, ते बघा. प्रमोद सिन्हा या जुन्या नटाने लग्नाच्या वाढदिवसाला बायको सिमीसाठी आकाशचं वादन ठरवलेलं असतं. आकाश दारात येतो तेव्हा आत नवऱ्याचं प्रेत पडलंय. सिमी त्याला परत पाठवणार, पण समोरच्या डिसाबाई दार उघडून बघतायत, म्हणून आत घेते. आंधळाच तर आहे! मग तो पियानो वाजवतोय आणि त्याच्या पाठीमागे सिमी आणि तिचा प्रियकर इन्स्पेक्टर मनोहर खाणाखुणा करत, तोंडातून शब्द न काढता प्रेत बॅगेत कोंबतायत. समोरच्याला दिसत नाही म्हणजे तो माणूस नाहीच, खोलीतली खुर्ची आहे, असं धरून चालणाऱ्या डोळस लोकांची ही फजिती आहे. अंध माणसाच्या डोक्यावरून त्याच्याच सोबत्याला ‘यांना चहा चालेल का?’ असं विचारणारे आपण सगळे त्या खोलीत आहोत.

८ जुलै २०२४ ला अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक केला: अपंगत्वाला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाबद्दलच्या आपल्या समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा. खटला दुसऱ्या चित्रपटाचा होता, पण माप इथेही लागू पडतं.

तरीही या आरोपात एक काटा खरा आहे. अंध माणसाला रोज कुणीतरी ‘खरंच दिसत नाही का?’ म्हणून पारखत असतं, आणि सोंगाची गोष्ट त्या संशयाला खतपाणी घालते. हे मी नाकारत नाही.

सिमीबद्दल मात्र मला आरोप पटत नाही. व्यभिचाराची शिक्षा फक्त बाईला, हा आपल्या सिनेमाचा जुना शिरस्ता. इथे गोळी मनोहर झाडतो आणि घरी बायको रसिका त्याला फैलावर घेते. डिसाबाईंना वरून ढकलणारी सिमीच, त्यात तिला सूट नाही. पण तब्बूने तिला अशी रंगवली आहे की पुढच्या क्षणी ती काय करेल, याचा आपण श्वास रोखून अंदाज बांधत राहतो. सोशिक बायकोच्या दहा भूमिका ओवाळून टाकाव्यात अशी ही एक आहे.

आणि मराठी माणसं? रिक्षावाला मुरली आणि सखू मौशी अवयवांच्या धंद्यात आहेत खरे, पण तो धंदा चालवतो डॉक्टर स्वामी. इन्स्पेक्टर खुनी, नायक खोटारडा, बाई बेरकी. या पुण्यात हात स्वच्छ असलेला माणूस शोधावा लागतो; मग फक्त मराठी गरिबांनीच सोज्वळ का असावं? हिंदी पडद्यावर मराठी बाई म्हणजे ‘साब, चाय’ म्हणून दाराआड जाणारी मोलकरीण. छाया कदम यांची सखू घासाघीस करते, डाव टाकते, फसते. मला ही बढती वाटते.

आरोप करणाऱ्यांच्या नजरेतून खरी उणीव निसटलीच. आकाशला सिमी खरोखर आंधळं करते, तोवर या चित्रपटात महत्त्वाचं अंध पात्रच नाही, आणि नंतरही ती भूमिका डोळस नटाचीच. दुसरी उणीव थिएटरातली. पडद्यावरचं दृश्य कानात सांगणारं ध्वनिवर्णन असावं, यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या मार्च २०२४ मध्ये. अशा वर्णनाविना तो बॅगेचा प्रसंग ऐकून बघा, डोळे मिटून. संवाद नाहीत, किंकाळी नाही, नुसता पियानो. सभागृहातल्या अंध प्रेक्षकाला नेमकं तेवढंच मिळतं, जेवढं आकाशला मिळतंय असं सिमीला वाटत होतं.