फॉर्ममधला नववा प्रश्न

कोरोनाच्या काळात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी बऱ्याच कॉलेजांनी केलं काय, तर एक वेबिनार आणि एक गुगल फॉर्म. वेबिनारचं एक वेळ सोडा, ई-सर्टिफिकेटसाठी का होईना, पोरं बसली. फॉर्म मात्र धोक्याचा असू शकतो.

त्यात बहुधा नैराश्याची लक्षणं तपासणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडून तपासणी हवी. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. रात्री दीड वाजता एखादी मुलगी तिथे 'जवळजवळ रोज' निवडते आणि सबमिट करते. उत्तर जाऊन पडतं शीटमध्ये. ती कुणीतरी उघडणार सोमवारी, अहवालापुरती. त्यातही बेरीज ६ भरली म्हणून मुलगी 'सौम्य' रकान्यात!

नवव्याला शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. तेवढं माणूसबळ नसेल तर नववा प्रश्न वगळलेली आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती वापरा. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर (२०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास) फॉर्मच्या पहिल्याच ओळीत टाका.

फोनचीही पद्धत आहे. दोन खोल्यांच्या घरात बाबा शेजारीच टीव्ही बघत असतात. म्हणून सुरुवातीलाच, "आत्ता बोलता येईल? नुसतं हो-नाही सांग." पुढचे प्रश्नही तसेच. आत्महत्येचं थेट विचारा. विचारल्यामुळे विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आलं तर: काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? गावाकडे फवारणीचं औषध घरातच असतं, ते आज कुलपात जायला हवं. तिच्याजवळ विश्वासाचं माणूस येऊन बसेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

आणि काही ताण समुपदेशकाच्या हातातलेच नसतात. २०२० मधल्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षांचंच घ्या. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं परीक्षा नाही, ६ जुलैला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) म्हणाली सप्टेंबरअखेर घ्याच, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २८ ऑगस्टला. तोवर पुस्तकं उघडायची की बांधून ठेवायची? अशा पोरांना 'दीर्घ श्वास घ्या' सांगणं म्हणजे चेष्टाच. निर्णय झाला नसेल तर पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार, तेवढं विद्यापीठानं जाहीर करावं. आणि त्या दिवशी सांगण्यासारखं काही नसलं, तरी 'अजून ठरलेलं नाही' असं परिपत्रक काढावंच.