डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला निरोप दिला आणि घरोघरी ‘विंडोज ११ मारून घ्यायचा’ हंगाम सुरू झाला. या हंगामात एक मेसेज माझ्याकडे सोसायटीच्या, डीटीपीवाल्यांच्या आणि मामेभावंडांच्या अशा तिन्ही ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: बॅकअपसाठी वेगळी डिस्क घेणं म्हणजे दुकानदाराचं पोट भरणं. महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवा, विंडोज उडाली तरी डीला धक्का लागत नाही. सीमध्ये विंडोजशिवाय असतंच काय? फोटो आणि कागदपत्रं गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हला सिंक होतातच. एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, बिघडत नाही. आणि एवढं करून काही उडालंच, तर रिकव्हरी सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खाली हात जोडलेले.

एकेक घेऊ.

‘डीला धक्का लागत नाही’

ही समजूत हवेतून आलेली नाही. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात महिन्या-दोन महिन्यांनी व्हायरस यायचा, दुकानातला पोरगा सी फॉरमॅट करायचा, डीला हात लावायचा नाही आणि लग्नाचे फोटो वाचायचे. त्या एका प्रसंगापुरता सल्ला बरोबर होता, आजही आहे. पण सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन, एकाच कपाटाचे दोन खण. वाळवी लागली तर ती खण मोजत बसत नाही.

पार्टिशन म्हणजे तरी काय? जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर डिस्कवर पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर असतो. त्यातल्या ६४ बाइटांत चार नोंदी मावतात: हे पार्टिशन इथून सुरू होतं, इतके सेक्टर लांब आहे. झालं, एवढीच ती भिंत. मोटर एक, सर्किट बोर्ड एक, डेटा वाचणारं हेड तेच. डिस्क टकटक वाजायला लागली की सी आणि डी एकाच दिवशी जातात.

आता विंडोज ११कडे या, कारण खरा घोळ इथे आहे. विंडोज ११ला यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत लागते आणि त्यासाठी विंडोजची डिस्क एमबीआर नव्हे, जीपीटी, म्हणजे पार्टिशनच्या नोंदी नव्या पद्धतीने ठेवणारी लागते. डिस्क एमबीआर असली की इन्स्टॉलर अडून बसतो. मग घाईतला माणूस काय करतो? सगळी पार्टिशन डिलीट करतो, सीसकट डीही. शिवाय इन्स्टॉलरच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरंच दिसत नाहीत. दिसतं ते ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन २’, ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’. तुम्ही दुकानात ‘डीला हात लावू नका’ असं दहादा बजावलंत, तरी त्या यादीत डी कुठला हे बहुतेक साइजवरूनच ओळखायचं असतं.

डेटा न पुसता डिस्क बदलून देणारं ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचं साधन विंडोजमध्येच आहे. पण डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन, म्हणजे पोटात आणखी पार्टिशन पाडलेलं पार्टिशन, असेल तर ते काम करायला नकार देतं. आणि आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड मशीनवर डी, ई, एफ हे बहुतेक वेळा त्या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातच पाडलेले असतात. म्हणजे ज्या मांडणीच्या भरवशावर हा मेसेज उभा आहे, तीच मांडणी सुरक्षित वाट बंद करते.

‘सीमध्ये विंडोजशिवाय काही नसतं’

डेस्कटॉप सीमध्ये. डाउनलोड्स सीमध्ये. डॉक्युमेंट्स हलवलं नसेल तर तेही. ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुकची मेल, मुद्दाम बदललं नसेल तर टॅलीचा डेटासुद्धा. हवं तर आत्ताच डेस्कटॉपवरच्या फायली मोजा.

मी तर डीटीपीच्या धंद्यात राहून एकदा याहून मोठा गाढवपणा केलाय. डेस्कटॉपवरून ‘दिवाळी अंक’ उचलून पेनड्राइव्हवर टाकला आणि निवांत झालो. उघडायची वेळ आली तेव्हा कळलं की तो फोल्डर नव्हताच, त्याचा शॉर्टकट होता. अख्खा अंक दोन केबींचा.

बरं, डॉक्युमेंट्स डीला हलवलं की सुटलो, असंही नाही. ऑक्टोबर २०१८चं विंडोज १०चं अपडेट आठवतंय? ते मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काहींच्या फायली पुसल्या गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवले होते आणि ज्यांच्या काही फायली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने आतल्या मालासकट साफ केला. अर्धवट पाळलेला सल्ला न पाळलेल्यापेक्षा महाग पडला.

‘सिंक होतंच आहे’

सिंक हा आज्ञाधारक नोकर आहे. तुम्ही इथे पुसलं की तो तिथेही पुसतो, आणि इथे व्हायरसने फाइल कुलूपबंद केली की तीच कुलूपबंद फाइल इमानाने वर चढवतो. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये कचरापेटी ३० दिवसांची. जुन्या आवृत्त्याही मिळतात, पण त्यांनाही मर्यादा आहेत. एप्रिलमध्ये चुकून उडालेला फोल्डर गणपतीत शोधायला गेलात तर तो तिथे नसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातलं आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधून पसरला. मशीन सुरू व्हायला लागणारा डिस्कचा बूट सेक्टर आणि फायलींची मुख्य सूचीच तो निकामी करायचा. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. कोण कर्मचारी, कुणाला कुठे शिरायची परवानगी, याचा हिशेब ठेवणारे सर्व्हर. ते सगळे एकमेकांशी सिंक होत असत. एक गेला तर बाकीचे आहेतच, हा भरवसा. सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि ते मशीन जाळ्याबाहेर होतं. त्यातला डेटा इंटरनेटवरून पाठवणं लवकर जमेना, म्हणून डिस्क माणसांच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली. दीडशे सिंक झालेल्या प्रतींना जे जमलं नाही ते एका तुटलेल्या वायरने केलं. म्हणून घरातली बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. कायम जोडलेली ठेवली तर तीही डी ड्राइव्हच.

‘एसएसडी बिघडत नाही’ आणि ‘रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच’

ही दोन वाक्यं एकमेकांचा गळा धरतात. एसएसडीत हलणारे भाग नाहीत हे खरं, पण कंट्रोलर चिप आहे. ती जाते तेव्हा टकटक करून पूर्वसूचना देत नाही, डिस्क नुसती दिसेनाशी होते. आणि विंडोज ७पासून फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ची आज्ञा देते. ते ब्लॉक रिकामे समजले जातात आणि डिस्क आपल्या सवडीने ते खरोखर साफ करते. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर माल तळाशी पडून राहायचा, म्हणून ती सॉफ्टवेअरं चमत्कार करायची. एसएसडीवर तळ उरतच नाही. हार्ड डिस्क असली तरी एक पथ्य: डेटा उडालेल्या ड्राइव्हवरच रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकू नका. नाहीतर शोधायची फाइल त्याच्याखालीच गाडली जायची.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याच्या गावीही नाही. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून कोरं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं, की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप, आपोआप सुरू होतं, आतल्या डी ड्राइव्हसकट. मशीनचा मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसरीकडे लावली, तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती खात्यात सापडते, पण खातं कुठलं हे आठवायला हवं. मी वहीत लिहून ठेवली आहे, आणि यावर कुणी हसलं तर हसू द्या.

‘दुकानदाराचं पोट’

एक बाहेरची डिस्क लागते, हे कबूल. बाकी खर्च नाही. फायली थेट कॉपी करायच्या आणि तिथून दोन-चार उघडून पाहायच्या, शॉर्टकट नाहीत ना. शिवाय विंडोजला हात लावण्याआधी क्लोनझिला या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची; क्लोनझिला फुकट आहे. फक्त या इमेजवर एकटीवर विसंबू नका. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची इमेज ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवायला गेलात, तर आत ९० जीबीच भरलेले असले तरी नेहमीच्या मार्गाने क्लोनझिला नाही म्हणते. तिला डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. हे मला विंडोज उडालेली असताना, रात्री साडेअकराला कळलं.