मृतांमध्ये लस घेतलेले किती, एवढेच मोजून चालणार नाही

तरुण माणूस अचानक गेला की पहिली शंका कोरोनाच्या लसीवर घेतली जाते. शंका घेण्यात वावगे काही नाही. घरच्यांचा तर तो हक्कच आहे. मात्र बहुतेक प्रौढांनी लस घेतलेली असताना मृत्यूचे कारण कोणतेही असो, मृतांमध्ये लस घेतलेलेच जास्त दिसणार. त्यामुळे त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या जिवंत माणसांपैकी किती जणांनी लस घेतली होती, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमके हेच केले. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक मरण पावलेल्या, वरकरणी निरोगी असलेल्या १८ ते ४५ वयोगटातील ७२९ व्यक्तींची तुलना वय, लिंग आणि परिसर जुळणाऱ्या २,९१६ जिवंत व्यक्तींशी करण्यात आली. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांमध्ये आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांमध्ये.

तरीही ‘लसीने मृत्यू टळले’ असे या एका अभ्यासावरून ठामपणे म्हणायला मी धजणार नाही. प्रकृतीला जपणारी माणसे लसही वेळेवर घेतात, आणि हा फरक आकडेमोडीतून पूर्णपणे वगळणे फार कठीण असते. शिवाय अशा तुलनेतून अतिदुर्मिळ दुष्परिणाम निसटू शकतो. तो पकडण्यासाठी कोट्यवधी लसवंतांच्या नोंदी आणि बारकाईची देखरेख लागते. पुण्यात कोव्हिशील्ड या नावाने तयार झालेल्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट घटतात, हे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच मान्य केले आणि त्याच सुमारास ब्रिटनने तिशीखालच्यांना शक्यतो वेगळी लस देण्याचा सल्ला दिला. धोका उघडपणे मान्य केल्यामुळेच तेथे वयानुसार निर्णय बदलता आला.

आपल्याकडे लसीकरणाची नोंद कोविनवर झाली, परंतु २०२० मध्ये नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. मृत्यूचे कारणच कागदावर नसेल, तर दोन्ही नोंदी जोडून शोधणार काय? लसीच्या सुरक्षिततेबद्दल मनापासून काळजी वाटणाऱ्या प्रत्येकाने, मग तो लसीच्या बाजूचा असो वा विरोधातला, आपल्या महापालिकेकडे आणि जिल्हा रुग्णालयाकडे आधी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राचा आणि अकाली मृत्यूंच्या शवविच्छेदनाचा आग्रह धरावा.